रिकाम्या गावातला फोन

१

अक्षया परबचा अर्ज ज्या दुपारी मागे घेतला गेला, त्या दुपारी मुरवणे गावात एकही माणूस नव्हता. माणसं नव्हती, गुरं नव्हती, कोंबड्या नव्हत्या, कुत्री-मांजरंसुद्धा नव्हती. गावपळण होती. देवाचा कौल झाला की सगळा गाव घरांना कड्या घालतो, वेशीबाहेर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, खोपी बांधतो आणि तीन दिवस, तीन रात्री तिथेच राहतो. पुन्हा कौल झाल्याशिवाय वेशीच्या आत कुणी पाऊल टाकत नाही. आचऱ्याच्या आसपासच्या माणसांना यात नवल वाटत नाही. नवल होतं ते वेगळंच. अर्ज मागे घ्यायला लागणारा ओटीपी ज्या फोनवर येणार, तो फोन त्या रिकाम्या गावात, कडी घातलेल्या घरात, तांदळाच्या डब्यात पुरलेला होता.

सीता मुणगेकर बाईंना हे कळलं ते गाव भरल्याच्या दुसऱ्या सकाळी, बुधवारी. बाई खोपीतून आणलेल्या चटया अंगणात झटकत होत्या. आयुष्यभर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि तीन दिवस सड्यावरच्या वाऱ्यात झोपून त्यांची तब्येत छान खुलली होती. तेवढ्यात अक्षया आली आणि पायरीवर बसली. रडून झालेलं होतं, हे डोळ्यांवरून दिसत होतं.

पुण्याच्या एका संस्थेत अर्थशास्त्राची पदवी घ्यायची, हे तिने अकरावीतच ठरवलं होतं. जागा मोजक्या, अर्ज देशभरातून. अर्जासोबत एक निबंध लागायचा, तो तिने आचरा बंदरावरच्या लिलावावर लिहिला होता. तोच बांगडा, त्याच होडीतला, पहिल्या टोपलीला महाग आणि शेवटच्या टोपलीला स्वस्त का जातो, यावर. बाईंनी तो वाचला होता आणि एकही खूण न करता परत दिला होता. कोल्हापूरला लेखी परीक्षा झाली, मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि गावपळणीच्या पहिल्या संध्याकाळी तिने खोपीत बसून आपल्या फोनवरून मुलाखतीची वेळ पक्की केली. सगळ्यांना शिरा वाटला गेला होता. बाईंनीही खाल्ला होता.

आता संस्थेच्या पानावर तिच्या नावापुढे लाल अक्षरांत होतं, अर्ज मागे घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी.

तिने संस्थेत फोन केला होता. तिथल्या बाई सभ्य होत्या, पण नियम सरळ होता. अर्ज दुसऱ्या कुणी मागे घेतला असेल, तर ज्याने घेतला त्याने स्वतः फोनवर तसं सांगायचं, शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत. सांगितलं तर मुलाखत परत मिळेल. नाही तर बोलावणं प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जाईल.

बाईंनी चटई दोरीवर टाकली आणि विचारलं, की कुणावर संशय आहे का.

"संशय नाय, बाई. माका म्हायत आसा," अक्षया म्हणाली. "प्रतीक्षा यादीत आमच्या वर्गातल्या समर्थाचा नाव आसा. आणि त्या दुपारी तो सड्यावर नव्हतो."

२

परबांचं घर खाडीच्या अंगाला, हापूसच्या कलमांमध्ये. अर्ध्या घरात हरिश्चंद्र, शेवंती आणि अक्षया. उरलेल्या अर्ध्याला कुलूप. तो वाटा हरिश्चंद्राच्या धाकट्या भावाचा, प्रीतमचा. तो गुजरातेत असतो, पैसे पाठवतो, फोन करतो, येत नाही. शेवंती त्याचीही ओटी न चुकता झाडते.

हरिश्चंद्र बाईंचा जुना विद्यार्थी. वर्गात हुशारांत त्याची गणती नव्हती, पण प्रयोगाच्या तासाला त्याच्या हातून कधी काच फुटली नाही. आता आंब्याच्या पेट्या फोनवरून विकायचा. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं त्याने स्वतः जोडली होती. बाई आल्या तेव्हा त्याने खुर्ची पुसून दिली, कोकम सरबत आणलं आणि दाराशी उभा राहिला.

फोनची हकीकत शेवंतीने सांगितली. अर्ज भरायच्या वेळी अक्षयाकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून आईचाच नंबर दिला होता. गाव सोडायच्या सकाळी शेवंती गुरांच्या दोणीत पाणी ओतायला वाकली आणि पोलक्यात खोचलेला फोन सटकून पाण्यात गेला.

"ह्येंनी काढल्यानी, पुसल्यानी आणि उकड्या तांदळाच्या डब्यात खुपसल्यानी," शेवंती म्हणाली. "मी गुरां सोडूक गेलंय. तीन दिस फोनाची आठवण पण झाली नाय माका. बरा वाटला, खरा सांगतंय."

परत आल्यावर शेवंतीनेच तो तांदळातून उपसून काढला. चालू झाला, पण संस्थेचा एकही निरोप त्यात नव्हता. ज्याने ओटीपी वाचला त्यानेच तो पुसून टाकला असणार, असं तिने धरलं होतं.

बाईंनी दार पाहिलं. कडीला शेवंती सुंभाची गाठ मारते, ती तिच्या हातची. परतल्यावर ती सोडायला तिला नख लावावं लागलं होतं, म्हणजे मधे कुणी सोडून पुन्हा बांधलेली नव्हती. मागचं दार आतून अडसर घालून बंद. छपराचं कौल एकही हललेलं नव्हतं. तांदळाच्या डब्याचं झाकण घट्ट होतं. त्यांनी फोन मागितला. जुन्या धाटणीचा, पाठीचं झाकण नखाने निघणारा. तांदळाची पिठूळ भुकटी त्यात सगळीकडे शिरली होती. कडेच्या फटीत, बॅटरीच्या कोपऱ्यात, सिमकार्ड उचललं तर त्याच्या खालीसुद्धा. बाईंनी बोट फिरवून पाहिलं, कार्ड परत बसवलं आणि फोन शेवंतीला दिला.

शेवंती आता हळू आवाजात समर्थबद्दल बोलू लागली. पोरगा कधीच खोटा नव्हता, पण गेला कुठे ते सांगत नाही. त्याचे वडील, गणपत, घरात जेवत नाहीत. गावात बोललं जातंय की कुणीतरी वेस मोडून आत गेलं, आणि शुक्रवारी देवळात कौल घेऊन विचारायचं ठरतंय.

"पोराचा नाव घेव नको," दाराशी उभा असलेला हरिश्चंद्र एकदम म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. पण सकाळपासून तो बोलला ते एवढंच वाक्य, आणि बोलून तो मागल्या दारी निघून गेला.

३

आचऱ्याच्या बाजारात नीलेशचं दुकान होतं. झेरॉक्स, रिचार्ज, दाखले, आणि प्रवेशाच्या दिवसांत पोरांच्या अर्जांची रांग. अक्षयाचा अर्ज तिथेच भरला गेला होता, आणि दुसरा संपर्क क्रमांक म्हणून नीलेशने आपल्या दुकानाचा नंबर टाकला होता. सगळ्यांच्याच अर्जात तो तसं करायचा.

बाईंना पाहून तो स्टूल रिकामं करून उभा राहिला. गुन्हा आपल्या दुकानातून घडला की काय, या धास्तीने त्याने आधी आपली बाजू मांडून टाकली. वेळ पक्की करायला नुसता मेलमधला दुवा दाबायचा, त्याला काही लागत नाही. पण अर्ज मागे घ्यायचा तर नंबर घालून आत जावं लागतं, त्या नंबरावर ओटीपी येतो, तो घालावा लागतो, आणि मग एक पाटी येते, नक्की का म्हणून. चुकून होण्यासारखी गोष्टच नव्हती. गावपळणीत तो स्वतः खाडीपलीकडे सासुरवाडीला जाऊन बसला होता, तिथे साक्ष द्यायला सासू, सासरे आणि तीन मेहुण्या होत्या. तीनही मेहुण्यांची नावं तो सांगू लागला, तेव्हा बाईंनी हात वर केला.

"नीलेश, तुझ्यावर संशय नाय. माका फक्त सांग, संस्थेकडसून तुका काय फोन इललो?"

नीलेशने डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा पडला. फोन आला होता, मंगळवारी सकाळी, गाव परत भरत होता तेव्हा. संस्थेतल्या कुणीतरी विचारत होतं, की अक्षयाच्या अर्जातल्या नंबरावरून पुन्हा पुन्हा नवा अर्ज भरायचा प्रयत्न चाललाय, तो होणार नाही, एकदा मागे घेतला की त्या नंबरावर दुसरा भरता येत नाही, मुलीला सांगा. तो सांगतो म्हणाला. मग सातबाऱ्याच्या उताऱ्यांना गर्दी झाली आणि विसरला. अक्षयाच भरत असेल, असं त्याने धरलं होतं.

बाई दुकानाबाहेर आल्या. मच्छीवाल्या टोपल्या झाकत होत्या. ओल्या फरशीवर एक मांजर शांतपणे कोलंबीचं डोकं खात होतं. बाई तिथेच उभ्या राहिल्या.

अक्षयाला अर्जाचं कळलं ते मंगळवारी संध्याकाळी, संस्थेचं पान उघडल्यावर. मग सकाळी तिचा अर्ज पुन्हा भरायला बघत होतं ते कोण? समर्थला तिची जागा हवी असती, तर अर्ज मोडल्यावर त्याचं काम झालं होतं. जो मोडतो, तो दोन दिवसांनी जोडायला कशाला बघेल?

४

समर्थ बंदरावर आपल्या काकांच्या होडीत बसून जाळ्याची भोकं शिवत होता. बाई जेट्टीच्या पायरीवर टेकल्या. तोच आधी बोलला.

"तिना माका सगळ्यांसमोर चोर म्हटल्यान, बाई. काल राती देवळात. भजन थांबला."

बाईंनी विचारलं, की त्या दुपारी तू कुठे होतास. त्याने मान हलवली. सांगितलं तर घरी कळेल. बाई म्हणाल्या, की मग मीच सांगते, आणि चुकले तर मान हलव. तू जामसंड्याला किंवा देवगडला गेला होतास, डोळे तपासायला.

समर्थच्या हातातली सुई थांबली.

बाईंना हे सड्यावरच दिसलं होतं, अर्थ मात्र आता लागला. त्या संध्याकाळी खोपीत पत्त्यांचा डाव रंगला होता. समर्थ एरवी डाव जिंकणारा. पण तेव्हा तो पत्ते हातभर लांब धरून बघत होता, बदामची राणी चौकटची समजून टाकत होता, आणि कंदिलाकडे पाठ करून बसला होता. डोळ्यांची बाहुली मोठी करायचं औषध घातलं, की जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. तीन-चार तास तरी उतरत नाही. दुपारी ज्याच्या डोळ्यांत ते औषध घातलं गेलं, तो पोरगा त्या वेळी मुरवण्यात तांदळाचा डबा उपसत नव्हता.

मग त्याने सगळं सांगितलं. जामसंड्याला बोटीवरच्या नोकरीच्या भरतीची तपासणी होती. रंग ओळखायला लावले, डोळ्यांत औषध घातलं, पास झाला. घरी सांगायचं धाडस नव्हतं, कारण गणपतला मुलगा शिकून साहेब व्हायला हवा होता.

"माका अर्थशास्त्र कित्याक होया?" तो म्हणाला. "अक्षयाक कोल्लापूराक एकट्याक जावक भय वाटत होता. म्हणान मी पण परीक्षेक बसलंय. पेपरात मी बांगड्याचाच काय तरी लिवलंय. प्रतीक्षा यादीत कसा इलंय, माका म्हायत नाय."

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं नाही. समर्थही थोडा हसला.

वाटेत त्यांनी मनाशी दोन बाबी शेजारी ठेवल्या. एक, गावात कुणी शिरलं नाही. गाठ शाबूत होती, आणि हा पोरगा आणि नीलेश सोडले तर सगळा गाव एकमेकांच्या नजरेखाली सड्यावर होता. दोन, ओटीपी आला आणि कुणीतरी तो वाचला. दोन्ही खरं असेल, तर ओटीपी मुरवण्यात आलाच नव्हता.

आणि मग त्यांना आपल्या बोटाला लागलेली ती भुकटी आठवली.

५

सिमकार्ड खाचेत घट्ट बसतं. फोन तांदळात पुरला, तर भुकटी कार्डाच्या वरून जाईल, कडेने जाईल. कार्डाच्या खाली तिने जायचं तर कार्ड तिथे असता कामा नये. म्हणजे फोन तांदळात पडला होता तेव्हा त्यात कार्डच नव्हतं. भुकटी आधी बसली, कार्ड नंतर.

पाण्यात पडलेल्या फोनमधून शहाणा माणूस आधी कार्ड काढतो. आणि तो दुसऱ्या फोनमध्ये घालतो, येणारा फोन चुकू नये म्हणून. फोन घरात राहिला. नंबर मात्र गावाबरोबर वेशीबाहेर गेला होता, आणि ओटीपीही तिकडेच आला होता.

हे खरं की नुसती कल्पना, ते तपासायचा मार्ग सोपा होता. शेवंतीचा नंबर त्या तीन दिवसांत कुणी लावला होता का, हे विचारायचं. शेवंतीची बहीण सारिका कसालला राहते, हायवेवर तिचं खानावळीवजा हॉटेल आहे, आणि बहिणीला फोन केल्याशिवाय तिचा आठवडा जात नाही. बाईंनी घरी येऊन तिला फोन लावला. मागे भांड्यांचा खणखणाट आणि ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

सारिकाने आधी बाईंची तब्येत विचारली, मग अक्षयाच्या अर्जाचं ऐकून हळहळली, मग समर्थचं ऐकून म्हणाली की त्या पोराला मी ओळखते, तो असलं करणार नाही. बाईंनी तिला बोलू दिलं. मग विचारलं, की गावपळणीत शेवंतीला फोन केला होतास का.

केला होता, सारिका म्हणाली. दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपल्यावर. खोपीत कसं चाललंय ते विचारायला.

"लागलो?"

"लागलो मां. रिंग गेली. पाठीमागे कोंबे आरडत होते."

शेवंतीला याचा पत्ताच नव्हता. बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि उत्तर काय येणार हे कळत असूनही ते ऐकायला त्यांना बरं वाटत नव्हतं.

"सारिका, उचलल्यान कोणी?"

६

हरिश्चंद्र गुरुवारी सकाळी कलमांत होता. मोहर नुकता फुटू लागला होता आणि तो एकेका फांदीखाली उभा राहून वर बघत होता. बाई आल्या तशी त्याने मान खाली घातली. पळायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. त्या येतील याची तो वाटच बघत असावा.

बाईंनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. वर्गात पाढा म्हणावा तसं त्यांनी क्रमाने सांगितलं. कार्डाखालची भुकटी. सारिकाचा फोन, जो दाजींनी उचलला आणि शेवंती पाण्याला गेली म्हणून सांगितलं. परतल्यावर घरात आधी पाऊल टाकणारा घरचा धनी, ज्याने डबा उघडून कार्ड जागच्या जागी बसवलं. समर्थचं नाव निघताच ज्याला ते सोसवलं नाही, तो माणूस. आणि मंगळवारी सकाळी पुन्हा पुन्हा अर्ज भरू बघणारा हात, जो मुलीचं वाईट चिंतणाऱ्याचा असूच शकत नव्हता.

"म्हणजे तू केलंस ह्या माका कळला," बाई म्हणाल्या. "कित्याक केलंस, ता अर्धाच कळला. अर्धा तू सांग."

हरिश्चंद्र कलमाच्या बुंध्याला टेकून बसला.

कार्ड ओलं झालं होतं म्हणून त्याने पुसून आपल्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं. मनात काही नव्हतं. शेवंतीला सांगायचं राहून गेलं, गाव सोडायची घाई होती. पहिल्या संध्याकाळी पोरीने वेळ पक्की केली, सगळे हसत होते, शिरा वाटला जात होता, आणि त्याने आपला तसाच बाजूला ठेवला.

"प्रीतम असोच गेललो, बाई. गावपळणच होती. खोपीत तेका नोकरीचा कळला आणि खोपीतसूनच गेलो. घराच्या दारातसून नाय. देवाक नाय, उंबऱ्याक नाय. आणि मगे रवाक म्हणान परत इलोच नाय." तो थांबला. "ह्या कोणी शास्त्र सांगलेला नाय. माझाच खूळ. पण चेडवान पण खोपीत बसानच ता दाबल्यान ना."

त्याला मुलीला जाऊ द्यायचंच होतं. पुण्याला खोली बघायला त्याने आपल्या एका गिऱ्हाइकाला सांगूनही ठेवलं होतं. फक्त निघायचं ते घरातून निघावं, एवढंच. पोरीला सांगितलं असतं तर ती हसली असती. म्हणून दुसऱ्या दुपारी त्याने नंबर घातला, ओटीपी आला, आणि त्याने बटण दाबलं. एसटीत चुकीची पेटी चढली, तर तो पुढच्या डेपोत फोन करून ती परत मागवतो, नीट बांधतो आणि पुन्हा धाडतो. हेही तसंच असेल असं त्याने धरलं. घरी आल्यावर देवापुढे दिवा लावून पहिलं काम ते केलं. पेटी पुन्हा चढेना.

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"सांगतलंय होतंय. तितक्यात तिना देवळात समर्थाचा नाव घेतल्यान." त्याने तळव्याने तोंड पुसलं. "मगे माझी जीबच उचलाना."

बाई त्याच्या शेजारी बसल्या. गुडघे कुरकुरले. संस्थेचा नियम त्यांनी त्याला पुन्हा समजावला. ज्याने केलं त्याने स्वतः सांगायचं, उद्या कचेरी बंद व्हायच्या आत. त्याने तो ऐकला होता, पण त्याला वाटलं होतं की गुन्हेगाराला पकडण्यासाठी तसं म्हणतात. त्यात मुलाखत परत मिळते, हे त्याच्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला की आधी तिला सांगतो.

घरी शेवंती माशांना मीठ-हळद लावत होती आणि अक्षया ओटीवर बसून होती. हरिश्चंद्राने उभ्यानेच सांगितलं, काही न गाळता. शेवंतीचे हात हळदीतच राहिले. अक्षयाने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "माका विचारलंस असतंस तर मी हसलंय असतंय, बाबा. पण घराकडे येवन परत दाबलंय असतंय." ती उठून उभी राहिली. "समर्थाक मी काय सांगू आता?"

हरिश्चंद्राने फोन काढला, तर तिने थांबवलं. आधी ते, मग हे, असं म्हणून ती चपला घालून बंदराकडे गेली. शेवंतीने घड्याळाकडे बघितलं, पण बाईंनी तिला खुणेने गप्प केलं.

अक्षया परतली तेव्हा समर्थ बरोबर होता. काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही. तो ओटीच्या कठड्यावर बसला आणि हरिश्चंद्राला म्हणाला, "काका, आता तरी सगळ्यांक सांगा, माका फुकट चोर केल्यात ता. देवाक कौल लावचो खर्च वाचात." अक्षयाने त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. तेव्हा शेवंती प्रथमच हसली.

मग फोन लागला. हरिश्चंद्र सरळ उभा राहिला आणि कचेरीत बोलायची मराठी बोलू लागला. मी अर्जदाराचे वडील बोलतोय. अर्ज मी मागे घेतला. मुलीला माहीत नव्हतं. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं असावं, कारण तो अडखळला आणि त्याने मुणगेकर बाईंकडे पाहिलं.

"मॅडम, मुलीनं परत यावं म्हणून," तो म्हणाला. आणि मग गावपळण, खोप आणि एसटीतली पेटी, सगळं सांगितलं.

पलीकडे बराच वेळ ऐकून घेतलं गेलं. मग त्या बाई बोलल्या, त्याने "हो, हो" केलं, आणि फोन खाली ठेवला. अर्ज पूर्ववत झाला होता. पहिली वेळ दुसऱ्याला गेली होती, पण सोमवारची एक रिकामी होती. दुवा पुन्हा पाठवतील, तो दाबून पक्की करायची.

दुवा आला तेव्हा अक्षयाने आपला फोन बापाच्या हातात दिला.

"तूच दाब."

हरिश्चंद्राचा अंगठा पडद्याच्या वर थांबला. त्याने लेकीकडे बघितलं.

"मगे परत येतलंस मां?"

 लिलावाच्या निबंधात ज्या गोष्टीचा पुरावा नव्हता ती अक्षयाने लिहिली नव्हती, आणि इथेही ती पुराव्याशिवाय बोलणार नव्हती.

"आंबे काढूक येतलंय," ती म्हणाली. "फुडचा माका म्हायत नाय."

हरिश्चंद्राने थोडा विचार केला आणि अंगठा टेकवला.